मय्यतीची कमिटी आहे, मरणाऱ्याचे काय?

आमच्या मोहल्ल्यात मय्यत कमिटी आहे. रात्री दोन वाजता कळवले तरी तासाभरात जनाजा दारात येतो. गुसल देणाऱ्या बायका येतात, कफनाचे कापड येते, कब्रस्तानात खोदकाम सुरू होते. कोण गरीब, कोण श्रीमंत, कोण कोणत्या मसलकचा, हे त्या रात्री कोणी विचारत नाही. एरवी दोन माणसांचे एका गोष्टीवर एकमत न होणारा आपला समाज मेलेल्या माणसासाठी असा एक होतो, याचा मला अभिमान वाटतो.

पण माणूस मय्यत होण्याआधी मरत असतो. कधी एक दिवस, कधी दोन वर्षे. त्या काळासाठी आपल्याकडे कोणती कमिटी आहे? आणि ज्याची स्मरणशक्ती गेली, ज्याला स्वतःच्या मुलाचे नावही आठवत नाही, अशा म्हाताऱ्या माणसाचे मरण कसे व्हावे, हे ठरवताना आपण त्याला कधी विचारतो का? माझे म्हणणे एवढेच आहे की आपण विचारत नाही, आणि हे न विचारणे म्हणजे अदब नव्हे. तो जुलूम आहे.

हे मी कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. पहिली गुन्हेगार मीच आहे.

माझी दादी मोहल्ल्यातल्या मुलींना कुरआन शिकवायची. तीन पिढ्या तिच्यासमोर पट्टी-रेहल घेऊन बसल्या. सत्तरी ओलांडल्यावर ती रकाती विसरू लागली. जोहरची नमाज पढून झाली की पुन्हा वजू करायला उठायची. मग चुलीवर दूध ठेवून विसरणे, रात्री उठून दार उघडणे, अब्बांना त्यांच्या वडिलांच्या नावाने हाक मारणे सुरू झाले. घरात कोणी म्हणाले, वय झाले. कोणी म्हणाले, कुणाचा तरी असर आहे. ताविज झाले, दम केलेले पाणी झाले. डॉक्टरांकडे जायला दीड वर्ष लागले. त्यांनी डिमेन्शिया असे नाव सांगितले. ते नाव आम्ही नातेवाइकांपासून लपवले, जणू काही चोरी पकडली गेली होती.

त्या काळातली एक दुपार मला विसरता येत नाही. मी तिचे केस विंचरत होते. ती त्या दिवशी चांगली होती. शेजारच्या एका बाईचे इस्पितळात निधन झाल्याचे तिने ऐकले होते. अचानक म्हणाली, "बेटी, मेरेकू दवाखाने में नक्को मारो. मेरे पलंग पोच मरने देव. यासीन तू पढ."

मी काय केले? "दादी, ऐसी बाताँ नक्को करो," असे म्हणून तिला गप्प केले आणि वेणी घातली. मला वाटले, मी तिच्यावर प्रेम करते आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये तिला न्यूमोनिया झाला. तोपर्यंत ती बोलत नव्हती, गिळताना ठसका लागत होता. बडे अब्बा, अब्बा आणि चच्चा तिला मोठ्या शहरातल्या इस्पितळात घेऊन गेले. आयसीयू, घशात नळी, नाकात नळी. ती नळ्या ओढायची म्हणून दोन्ही हात पलंगाच्या कठड्याला पट्टीने बांधले. जिच्या डोक्यावरचा पदर परक्याने कधी ढळलेला पाहिला नव्हता, ती इस्पितळाच्या उघड्या गाऊनमध्ये पडून होती. असे एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी पहाटे आम्हाला काचेबाहेर बोलावून सांगितले. तोंडात पाण्याचा थेंब कोणी घातला नाही, कानाशी कलमा कोणी म्हटला नाही. यासीन मी पढले, पण मय्यत घरी आल्यावर.

त्या एकोणीस दिवसांत डॉक्टरांनी दोनदा विचारले, "पुढे काय करायचे?" दोन्ही वेळा वरांड्यात फक्त पुरुष उभे होते. तिला तीन वर्षे भरवणारी, धुणारी, तिची कूस बदलणारी माझी अम्मी बाकावर बसली होती. तिला कोणी विचारले नाही. मला तर दादीचे वाक्य पाठ होते. मी बोलले नाही. मोठ्यांसमोर काय बोलायचे? लोक म्हणतील, शिकलेल्या पोरीने दादीला मारायचा सल्ला दिला.

आता मला येणारी उत्तरे मी ओळखते. एकेक घेते.

पहिले उत्तर: "जीवन-मरण अल्लाहच्या हाती आहे, हे ठरवणारे आपण कोण?" खरे आहे. पण मग व्हेंटिलेटर लावणारे आपण कोण होतो? मशीन लावताना आपण ठरवतो आणि न लावण्याचा विचार आला की तकदीर आठवते, ही सोयीची तकदीर झाली. कोणाचा जीव घेणे हराम आहे, यावर वाद नाही. विषाची सुई देऊन मारणे हा आपल्या देशात कायद्यानेही गुन्हा आहे. मी बोलते आहे ते वेगळ्या गोष्टीबद्दल. आजार शेवटाला पोचला आहे, उपचाराने तो बरा होणार नाही, फक्त मरण लांबणार आहे, अशा वेळी यंत्र नाकारण्याबद्दल.

मी आलिमा नाही, शिक्षिका आहे. पण आपल्या फुकहांपैकी बहुतेकांनी गुण येण्याची खात्री नसलेल्या इलाजाला फर्ज म्हटलेले नाही, जायज किंवा मुस्तहब म्हटले आहे, एवढे कोणत्याही मदरशाच्या तालिब-ए-इल्मला ठाऊक असते. १९८१ साली कुवेतमध्ये मुस्लीम डॉक्टर आणि उलेमा यांनी मिळून वैद्यकीय नीतीची संहिता केली. आशा नसलेल्या रुग्णाला अचाट उपायांनी नुसते टिकवून धरणे व्यर्थ आहे, असाच तिचा आशय आहे. १९८६ साली अम्मान येथे आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने मेंदू पूर्ण बंद पडलेल्या रुग्णाचे यंत्र काढण्याला मान्यता दिली. दादीचा मेंदू असा बंद पडला नव्हता, हे मला कळते. अन्न, पाणी, सुरू केलेले यंत्र काढणे अशा बाबींवर उलेमांत मतभेद आहेत, तेही मान्य. पण मतभेद आहेत याचा अर्थ विषय बंद आहे असा होत नाही. उलट त्यांनी आपल्या मोहल्ल्यात येऊन बोलले पाहिजे, असा होतो.

आणि बुखारी-मुस्लिममधली ती हदीस आठवा. एका काळ्या बाईला फेफरे यायचे. ती रसूलुल्लाह (स.) यांच्याकडे दुआ मागायला आली. आपण तिला दोन वाटा दाखवल्या: सब्र केलास तर जन्नत, किंवा बरे होण्यासाठी दुआ. तिने सब्र निवडला. फक्त एक मागणी केली, की झटका आल्यावर अंग उघडे पडू नये. ती दुआ आपण केली. ही हदीस आपण सब्रच्या वाजमध्ये शेकडो वेळा ऐकली. पण त्यातली दुसरी गोष्ट कोणी सांगितली नाही. मेंदूच्या आजाराच्या एका गरीब बाईला तिचे मत विचारले गेले आणि तिच्या मताप्रमाणे झाले! तिची मागणी कोणती होती? बेपर्दा न होण्याची. मला माझ्या दादीचा तो गाऊन आठवतो आणि मान खाली जाते.

दुसरे उत्तर: "मरणाच्या गोष्टी काढणे अशुभ आहे." हा अशुभाचा विचार इस्लामचा नाही. हजरत अबू बकर (रजि.) यांनी कोणत्या कपड्यात कफन द्यायचे, गुसल कोणी द्यायचा, हे हयातीतच सांगितले. हजरत उमर (रजि.) यांनी जखमी अवस्थेत हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडे माणूस पाठवून दफनाच्या जागेची परवानगी मागितली. ज्याच्याजवळ वसीयत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लिहून न ठेवता दोन रात्रीही काढू नयेत, अशी हदीस आहे. आपण त्याचा अर्थ फक्त जमीन आणि घर असा घेतला. एक तृतीयांश मालाची वसीयत कशी करायची यावर आपले वकील, मौलवी, भाऊबंद तासन्‌तास बोलतात. मर्ज-उल-मौतमध्ये दिलेला हिबा किती चालतो, यावर ग्रंथ आहेत. त्या मर्जमध्ये पडलेल्या माणसाचे काय, यावर घरात एक वाक्य नाही. मालाची वसीयत आहे, श्वासाची नाही.

तिसरे उत्तर सर्वांत जास्त ऐकू येते: "तिला आता काय समजते? तिला काय विचारायचे?" इथे मी शिक्षिका म्हणून बोलते. बी.एड.ला आम्हाला अध्यापनाची सूत्रे शिकवली: ज्ञाताकडून अज्ञाताकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे, सोप्याकडून कठीणाकडे. मुलाला उत्तर आले नाही तर आधी प्रश्न तपासा, असे आमचे सर म्हणायचे. डिमेन्शियाच्या माणसाला "तुम्हाला व्हेंटिलेटर हवा का?" असे विचारले तर तो गोंधळणारच. तो प्रश्न धडधाकट माणसालाही कळत नाही. पण "आजारी पडल्यावर तुझ्याजवळ कोण हवे?" हे त्याला कळते. "घरी बरे वाटते की दवाखान्यात?" हे कळते. "कशाची भीती वाटते?" हे कळते. "तुला बोलता आले नाही तर तुझ्या वतीने कोणी बोलायचे?" हेही कळते.

सकाळी, झोप झालेली असताना विचारा. चष्मा लावलेला असू द्या, कानाचे मशीन घातलेले असू द्या. टीव्ही बंद करा. एका वेळी एकच प्रश्न. शब्द सुचत नसेल तर दोन चित्रे दाखवा. तेच चार दिवसांनी पुन्हा विचारा. दोन-तीन वेळा तेच उत्तर आले तर ते उत्तर आहे, बडबड नाही. बँकेचा हिशोब न जमणाऱ्या माणसाला आपल्या उशाशी कोण बसावे हे ठरवता येते. अक्कल दिव्यासारखी एका फुंकरीत विझत नाही. ती घरातल्या एकेका खोलीतून हळूहळू जाते. शेवटी बोलणे थांबले तरी तोंड फिरवणे, हात ढकलणे, गाणे किंवा किरात ऐकून शांत होणे, हेही बोलणेच असते. माझी दादी नळी ओढत होती. आम्ही त्याला उत्तर मानले नाही, आम्ही तिचे हात बांधले.

चौथे उत्तर: "लोक काय म्हणतील? मुलांनी इलाज केला नाही म्हणतील." या भीतीपोटी किती घरांनी दागिने मोडले, रिक्षा गहाण टाकल्या! तो खर्च आईसाठी होता की जियारतीला जमणाऱ्या लोकांसाठी होता, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. या भीतीवर उपाय एकच आहे. आईने स्वतः, चारचौघांसमोर, शुद्धीत असताना सांगितलेले आणि लिहून ठेवलेले असावे. मग मुलांवर बोट कोण ठेवणार?

पाचवे उत्तर मात्र मला विचारात पाडते. एक मैत्रीण म्हणाली, "आपल्याकडे म्हाताऱ्या बायकांना मुळात इलाजच मिळत नाही. तू त्यांना आणखी एक कारण देतेस." तिचे खरे आहे. मांडीचे हाड मोडले तरी "आता वयच झाले" म्हणून खाटेवर टाकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. म्हणून स्पष्ट लिहिते. मी इलाज बंद करा असे म्हणत नाही. कोणी म्हणेल, मला सारे उपचार हवेत. तेही लिहा आणि तेही पाळा. वेदना थांबवणे, ताप उतरवणे, तोंड ओले ठेवणे, पाठीला जखम होऊ न देणे, धाप कमी करणे, हे तर कधीच बंद करायचे नाही. मुलाच्या सोयीने आई मरू नये आणि मुलाच्या अब्रूसाठी आई लटकूही नये. दोन्ही टाळण्याचा रस्ता तिला विचारण्यातूनच जातो. आणि विचारताना लेकी-सुना समोर हव्यात, फक्त मुलगे नव्हेत.

हा थोड्या घरांचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या शंभरांमागे सात जणांहून अधिक, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. बायकांत, न शिकलेल्यांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त आहे. आपल्या वस्त्या डोळ्यांसमोर आणा.

आणि हा विसराळूपणा नव्हे, जीव घेणारा आजार आहे. शेवटी मेंदू गिळणेसुद्धा विसरतो, घास श्वासनलिकेत जातो, न्यूमोनिया होतो. अमेरिकेत शेवटच्या टप्प्यातल्या ३२३ रुग्णांवर दीड वर्ष नजर ठेवली गेली. तो अभ्यास २००९ मध्ये आला. दीड वर्षात निम्म्याहून अधिक रुग्ण वारले. ज्यांना न्यूमोनिया झाला, त्यांपैकी जवळजवळ निम्मे सहा महिन्यांत गेले. पण ज्या घरच्यांना पुढे काय होणार हे समजले होते, त्यांच्या माणसांना शेवटच्या तीन महिन्यांत नळ्या आणि इस्पितळाच्या फेऱ्या कमी सोसाव्या लागल्या. अशा रुग्णांना नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढते असा पुरावा मिळालेला नाही. वृद्धांचे डॉक्टर त्याऐवजी हाताने, थोडे थोडे, बसवून भरवायला सांगतात. म्हणजे माझी अम्मी घरी करत होती तेच! आम्ही तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि त्याला इलाज म्हटले.

कायदा काय म्हणतो, तेही माहीत हवे. दादी गेल्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ९ मार्च २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. बरे होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत, हे शुद्धीतल्या सज्ञान माणसाला आधी लिहून ठेवता येते. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ही पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ती साक्षांकित करायची, आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या जवळच्या माणसांची नावे घालायची. प्रत त्या माणसांना, घरच्या डॉक्टरला आणि नगरपालिका, महानगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला द्यायची. मत बदलले तर लेखी रद्द करता येते. प्रत्यक्ष वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळे तपासणी करून ठरवतात. म्हणजे एका मुलाच्या सांगण्यावरून काही होत नाही. कागद नसेल तरीही घरच्यांच्या संमतीने हाच मार्ग आहे. पण तेव्हा घरच्यांना रुग्णाची इच्छा ठाऊक असावी लागते. आणि कागद शुद्धीत असतानाच करता येतो. म्हणून विसरायला लागल्याचे पहिले वर्ष ताविजांत घालवू नका.

आपल्याला हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी केरळातला मलप्पुरम जिल्हा पाहावा. २०११ च्या जनगणनेनुसार तिथली सुमारे सत्तर टक्के वस्ती मुस्लीम आहे. कोझिकोडला १९९३ मध्ये वेदनाशमनाची संस्था सुरू झाली. तिच्या अनुभवातून या शतकाच्या सुरुवातीला मलप्पुरममध्ये शेजारपाजारच्या माणसांनी चालवलेली सेवा उभी राहिली. दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी थोडे प्रशिक्षण घेतात, नर्सबरोबर घरोघर जातात, अंथरुणाला खिळलेल्याची जखम धुतात, घरच्या बाईला तासभर मोकळीक देतात. लोक छोट्या छोट्या देणग्या देतात. २००८ मध्ये केरळ सरकारने त्यावरून धोरण केले. तिथला मुसलमान आणि आपला मुसलमान एकच कलमा पढतो. मग आपल्या जमातीला काय झाले?

म्हणून माझी मागणी साधी आहे. मय्यत कमिटीने आपले काम चार पावले अलीकडे आणावे. जनाजा आणि कफनाबरोबर एक हवेचा गादीपलंग, एक चाकाची खुर्ची, शिकवून तयार केलेल्या चार बायका आणि चार पुरुष ठेवावेत. इमामसाहेबांनी वर्षातून दोन जुमे या विषयावर बोलावे. सकरातमध्ये पडलेल्याला कलमा याद करून देण्याची ताकीद ते देतातच. आयसीयूच्या काचेआडून तो कसा द्यायचा, हेही सांगावे. आपल्यातले डॉक्टर आणि वकील कमी नाहीत. त्यांनी मशिदीच्या हॉलमध्ये बसून लोकांना हे कागद समजावून द्यावेत. आणि घरातल्या पुरुषांनी वरांड्यात निर्णय घेण्याआधी बाकावर बसलेल्या बाईकडे वळून पाहावे.

माझे अब्बा आता सत्तरीत आहेत. अलीकडे त्यांना नावे आठवत नाहीत. मागच्या महिन्यात फजरनंतर चहा देताना मी हिय्या केला आणि विचारले, "अब्बा, तुम बहुत बीमार हुए तो तुम्हारे पास कौन बैठना?" ते रागावले, कप ठेवून उठले. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "तेरी अम्मी. और हात नक्को बाँधो." म्हणजे दादीचे हात तेही विसरले नव्हते.

अम्मी स्वयंपाकघरातून ऐकत होती. मी तिलाही विचारले. ती हसून म्हणाली, "मेरेकू कौन पूछा आजतक?" मग बराच वेळ बोलत राहिली. मी वही काढली आणि दोघांचेही लिहून घेतले. नोटरीकडे पुढच्या आठवड्यात जाणार आहोत.

तुमच्या घरात कोणाला विचारायचे राहिले आहे? आज मगरिबनंतर विचारा.